पिन बुशला हाताने रिमर मारणे: 5 एचपी डिझेल इंजिनाच्या नोंदी

2 मे 2024, ता. अंबड, जि. जालना

इंजिन: एक सिलिंडर, पाण्याने थंड होणारं डिझेल, 1500 आरपीएम, बोअर 80, स्ट्रोक 110. शेततळ्यातून मोसंबीच्या ठिबकला पाणी ओढतं. तक्रार अशी की रिकाम्या चालीत दर फेरीला बारीक, धातूवर धातू आपटल्यासारखी दुहेरी टिकटिक येते. लोड दिला की कमी होते, बंद होत नाही. इंजेक्टरच्या पाइपाचा नट सैल करून सिलिंडरचं डिझेल तोडलं तेव्हा आवाज बदलला. बिग एंडचा, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाचा, ठोका यापेक्षा जड असतो आणि लोडवर वाढतो. त्यामुळे संशय गजन पिनवर, म्हणजे पिस्टनला रॉडशी जोडणाऱ्या पिनवर. ती रॉडच्या छोट्या टोकातल्या ब्राँझच्या नळीत, पिन बुशमध्ये, बसते.

हेड आणि पिस्टन काढले. बिग एंडचे शेल (बेअरिंगच्या अर्धगोल वाट्या) चांगले आहेत. पिन बुशमध्ये पिन हाताला हलते, मोजायचीही गरज नव्हती, तरी मोजलं. बुश उभ्या दिशेत 28.14, आडव्यात 28.09. पिनची दोन्ही टोकं 27.99, बुश बसतो त्या मधल्या भागात 27.96. म्हणजे उभ्या दिशेत 0.18 ढिलाई, लागते त्याच्या सहापट.

या नोंदींतले सगळे आकडे मिलिमीटरमध्ये आहेत. जालन्याच्या लेथवाल्यांकडे ‘थाऊ’ची भाषा चालते, 1 थाऊ म्हणजे 0.0254. "दोन थाऊ सोडा" असं कोणी म्हटलं तर ते 0.05 होतं, 0.02 नव्हे. या एका गोंधळात कितीतरी बुश वाया जातात.

3 मे

नवी पिन आणि फॉस्फर ब्राँझचा नवा बुश आणला. पिन तीन ठिकाणी, दोन दिशांना मोजली: सगळीकडे 27.995. बुश बाहेरून 32.06, आतून 27.85, लांबी 30. आतला व्यास मुद्दाम कमी ठेवलेला असतो. दाबल्यावर बुश आणखी आवळतो आणि मग रिमरने, म्हणजे भोक कापून मोठं करणाऱ्या पात्यांच्या हत्याराने, मापात आणायचा.

ढिलाई किती ठेवायची? मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच. नसेल तर पिनच्या व्यासाच्या दर 25 मिमीला 0.025 हा जुना हिशेब ब्राँझसाठी चालतो. इथे लक्ष्य 0.025 ते 0.030, म्हणजे बुशचा बोअर 28.020 ते 28.025.

28 एच7 चा, म्हणजे एकाच ठरलेल्या मापाचा, रिमर का नाही? एच7 ची हद्द 28.000 ते 28.021. त्यात 27.995 ची पिन बसवली तर ढिलाई 0.005 ते 0.026 पर्यंत कुठेही पडू शकते. 0.005 वर पिन गरम झाली की चिकटेल. म्हणून अडजस्टेबल रिमर, पल्ला 27 ते 30, सहा पाती.

कमी ढिलाई इतकी घातक का, हेही इथेच लिहून ठेवू. हा बुश पूर्ण फिरतच नाही. रॉडचं केंद्रांतर 234, क्रँकचा थ्रो (स्ट्रोकचा अर्धा) 55. हिशेब केला तर रॉड दोन्ही बाजूंना साधारण 13 ते 14 अंश झुलतो, बस्स. क्रँकच्या बेअरिंगसारखी तेलाचा सलग फिरता पातळ थर इथे बनत नाही. तेल शिरतं ते एक्झॉस्टच्या शेवटी, वरच्या टोकाशी भार उलटतो त्या क्षणभरात. जागाच नसेल तर ते शिरणार कुठून?

4 मे

जुना बुश काढला. हातोडा आणि छिन्नीने काढायचा मोह टाळावा. आतून हॅकसॉच्या पात्याने लांबीने काप घ्यायचा, शेवटचा अर्धा मिलिमीटर राखून. मग बुश स्वतःच आत मिटतो. पातं पार गेलं तर रॉडच्या डोळ्यात (बुश बसतो त्या भोकात) ओरखडा पडतो, आणि फोर्ज केलेल्या रॉडमध्ये असा ओरखडा म्हणजे तडा सुरू व्हायची जागा.

रॉडचा डोळा 32.00 ते 32.01. आत चकाकी नाही, म्हणजे जुना बुश डोळ्यात फिरलेला नव्हता. चकाकी दिसली असती आणि डोळा 0.02 पेक्षा जास्त लंबगोल असता, तर बाहेरून मोठा बुश लेथवर कातून घ्यावा लागला असता.

रॉड सरळ आहे का हे बुश टाकायच्या आधी तपासायचं. बुश टाकून रिमर मारल्यावर तपासलं तर वाकडेपणा रॉडचा की रिमरचा ते कळत नाही. बिग एंडमधून शेल काढून कॅप टाइट केली, त्यात एक मँड्रेल (मापाचा सरळ दांडा); छोट्या डोळ्यात 32 चा दुसरा. दोन्ही लेथवर कातून घेतलेले. 12 मिमीची जाड काच सपाट पाटा म्हणून, बिग एंडचा मँड्रेल दोन व्ही ब्लॉकवर, आणि वरच्या मँड्रेलवर 100 मिमी अंतराच्या दोन जागी डायल गेज. वाक 0.02, पीळ 0.03. आमच्याकडे 100 मिमीला 0.05 ही हद्द धरतो. रॉड ठीक.

5 मे, पहाटे

बुश बसवला. फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात बुश रात्रभर, साधारण उणे 18. रॉडचा छोटा डोळा उकळत्या पाण्यात दहा मिनिटं. शेडमध्ये सकाळी 28 अंश.

हिशेब: ब्राँझ दर अंशाला मीटरमागे 18 मायक्रॉन आकसतो, 46 अंशांच्या फरकाला 32 मिमीवर 0.026. पोलाद साधारण 11.5 मायक्रॉन, 70 अंशांना 0.026. दोन्ही मिळून 0.05. आवळ (बुश डोळ्यापेक्षा जितका मोठा तेवढा) 0.05 ते 0.06 आहे, म्हणजे बुश जवळपास नुसता सरकायला हवा. डोळा कोरडा पुसला, बुश तेलाच्या भोकाची खूण जुळवून सुरू केला आणि एम16 च्या बोल्टने, जाड वॉशर आणि 35 च्या पाइपाचा तुकडा लावून ओढून घेतला. पाना दोन बोटांनी फिरला. हातोडा लागला नाही.

गॅसच्या शेगडीवर रॉड तापवू नये. एका जागी जास्त तापला की त्याची हीट ट्रीटमेंट (तापवून दिलेली मजबुती) जाऊ शकते. पाणी 100 च्या वर जाऊच शकत नाही, हाच त्याचा फायदा.

थंड झाल्यावर आतला व्यास 27.80. म्हणजे आवळातला जवळजवळ सगळा भाग आत उतरला. बुशची भिंत 2 मिमीची असली की असंच होतं. तेलाचं भोक रॉडच्या भोकातून 4 मिमी ड्रिलने पार केलं, आतली कडा स्क्रॅपरने मारली. हे रिमरच्या आधी. नंतर ड्रिल केलं तर बर (कडेला उठलेला धातूचा बारीक काठ) आत उभी राहते आणि पिनवर रेघ मारते.

6 मे

रिमरची तयारी. जुना रिमर आहे, पाती लेथवर दोन सेंटरमध्ये धरून डायलने तपासली. पाच पाती एका मापात, सहावं 0.02 वर. ते काढून खाच साफ केली. खाचेच्या तळाशी ब्राँझचा बारीक चुरा अडकलेला होता. पुन्हा बसवल्यावर फरक 0.005. पात्याला दोष देण्याआधी खाच बघावी.

या रिमरवर नट आठवा हिस्सा फिरवला की व्यास साधारण 0.02 वाढतो, हे मायक्रोमीटरवर आधी काढून घेतलं. नट फिरवताना नेहमी क्रम तोच: वाढवताना वरचा सैल, मग खालच्याने पाती रेटायची, मग दोन्ही घट्ट. नट नीट घट्ट नसतील तर कापताना पाती मागे सरकतात आणि माप तुम्ही ठरवलेलं राहतच नाही.

बोअर डायल गेज 18 ते 35 ची. मायक्रोमीटर आधी त्याच्या 25 च्या स्टँडर्डवर तपासला, मग 28.00 वर लॉक करून बोअर गेज त्यात शून्यावर घेतली.

संध्याकाळपर्यंत पहिला प्रयत्न. नेहमीची पद्धत: रिमर व्हाइसमध्ये उभा, टोक वर, रॉड हातात धरून त्यावर फिरवायचा. डिझेलमध्ये थोडं इंजिन ऑइल मिसळून वंगण. पहिले दोन पास (रिमरची एकेक कापणी) 0.05 चे, मग 0.03.

27.95 ला रिमर थरथरू लागला. हाताला करकर लागते आणि बुशमध्ये उभे पट्टे दिसतात. दाब कमी केला, तेल वाढवलं, पट्टे कमी झाले, गेले नाहीत. तरी पुढे नेलं.

7 मे

सकाळी, सगळं एका तापमानाला आल्यावर मोजलं. बुशचं वरचं तोंड 28.02, खालचं 28.05. पिन छान सरकते. लेथवाल्याच्या शब्दांत ‘एक नंबर’. पण पिनला निळा रंग लावून (टेकते तिथेच तो बुशला लागतो) फिरवली तेव्हा खरं काय ते दिसलं: वरच्या तोंडाशी बोटभर पट्टा, आणि त्या पट्ट्यातही अंतराअंतराने सात ठिपके. बाकी बुश कोरा.

पिन घालून काचेवर रॉड तपासला: 100 मिमीला 0.09. 4 तारखेला हाच रॉड 0.02 होता.

दोन वेगळ्या चुका आहेत. पहिली, भोंग्यासारखं तोंड. रॉडचा बिग एंडकडचा भाग जड असतो; आपण तिकडून धरून फिरवतो तेव्हा त्याचं वजन रिमरला प्रत्येक फेरीत एका बाजूला दाबतं, आणि रिमर शिरतो ते तोंड मोठं होत जातं. 30 मिमीच्या बुशमध्ये एका बाजूला 0.02 तिरपेपणा आला तरी 100 मिमीला तो 0.067 होतो, म्हणजे हद्दीबाहेर. व्यासाच्या आकड्यात हा तिरपेपणा कुठेच दिसत नाही. दोन्ही टोकांना 28.02 असलेला बुशही वाकडा असू शकतो.

दुसरी, सात ठिपके. सहा पाती समान अंतरावर असलेला रिमर थरथरला की भोक गोल राहत नाही, पाच किंवा सात बाजूंचं होतं. आणि इथे मोजमापाचा सापळा आहे: विषम बाजूंच्या आकारात समोरासमोरचं अंतर सगळीकडे जवळपास सारखंच येतं. दोन टोकांची बोअर गेज त्याला निमूटपणे गोल म्हणते. आमच्या गेजने 0.005 च्या आत दाखवलं होतं. म्हणून या कामात शेवटचं माप पिन आणि निळ्याचं. गेजचा आकडा त्याच्या आधी, जवळ पोचेपर्यंत.

हा बुश गेला. भोंगा स्क्रॅपरने सुधारता येत नाही, कारण धातू परत घालता येत नाही.

9 मे

जिग, म्हणजे रॉड आणि रिमर एका रेषेत धरणारा साचा, बनवला. 20 मिमी जाड प्लेट. त्यात दोन जागा एकाच सेटिंगमध्ये बोअर करून घेतल्या, केंद्रांतर 234: एकात बिग एंडचा मँड्रेल उभा प्रेस फिट, दुसरं 35 चं भोक रिमरचं टोक खाली जायला. प्लेटवर चार खांब आणि त्यांवर आडवी पट्टी, पट्टीला 35 च्या भोकाच्या बरोबर वर 40 चं भोक. त्यात कास्ट आयर्नचा गाइड बुश बसतो, आतून रिमरच्या दांड्याच्या मापापेक्षा 0.02 मोठा.

रिमरची पाती 28 ची आणि दांडा 20 चा, म्हणून गाइड बुश आधी दांड्यावर ओवायचा, रिमर 40 च्या भोकातून खाली सोडायचा आणि मग गाइड जागेवर बसवायचा. रॉड मँड्रेलवर आडवा, छोट्या टोकाखाली आधाराला बारीक स्क्रू जॅक. रॉडचं वजन आता रिमरवर येत नाही.

प्लेटचं बोरिंग वाळूज एमआयडीसीत करून घेतलं. घरच्या ड्रिल मशीनवर ही दोन भोकं एकमेकांशी समांतर येतील असं समजू नये.

अडजस्टेबल रिमरबरोबर कधीकधी टेपर कोन, म्हणजे निमुळता शंकू, मिळतो. किंग पिनसारखे (पुढचं चाक वळतं त्या पिनसारखे) एका रेषेत दोन बुश असतील तिथे तो उत्तम, दुसऱ्या बुशमध्ये बसून पहिल्याला रेषा देतो. इथे बुश एकच आहे, कोन टेकायला दुसरी जागा नाही.

10 मे

दुसरा बुश तसाच बसवला. बाहेरून 32.06, दाबल्यावर आत 27.80. वीज सकाळपासून नव्हती. या कामाला ती लागतही नाही.

11 मे

पहाटे साडेपाच ते साडेनऊ. दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये 42 च्या वर जातं. माप सगळं एकत्र तापतं, तिथपर्यंत हरकत नाही. पण घरातून आणलेली पिन 30 ला आणि रॉड 41 ला असेल तर पिनमध्येच साधारण 0.0035 चा फरक. त्याहून मोठा घोळ रिमरचा. कापताना बुश सहज 15 अंश तापतो. ब्राँझ मोकळा असता तर 28 वर 0.0075, रॉडमध्ये आवळलेला असल्याने प्रत्यक्षात थोडा कमी. आपली एकूण ढिलाईच 0.025 आहे. गरम बुशमध्ये पिन घालून ‘बसली’ म्हणणं म्हणजे थंड झाल्यावर घट्ट निघणं. प्रत्येक मापाआधी अर्धा तास थांबलो. मायक्रोमीटर हातात धरून ठेवायचा नाही, ओल्या गोणपाटावर तर मुळीच ठेवायचा नाही.

पास: 27.85, 27.90, 27.94, 27.97, 27.99. प्रत्येक सेटिंगला रॉड पालटून दुसऱ्या बाजूनेही एक पास, म्हणजे जो काही थोडा टेपर येईल तो दोन्हीकडे वाटला जातो.

हँडल दोन्ही हातांनी, सारख्या दाबाने, मिनिटाला दहाबारा फेऱ्यांपेक्षा जलद नाही. खाली रेटायचं नाही. रिमर स्वतःच्या कापण्याने उतरतो तेवढंच. बाहेर काढतानाही कापायच्याच दिशेने फिरवत वर उचलायचा. उलट फिरवला की चुरा पात्याच्या पाठीखाली अडकतो, बुशला ओरखडा पडतो आणि पात्याची धारही जाते. ही चूक नवशिक्याचा हात आपोआप करतो, कारण टॅप मारताना मागे फिरवायची सवय असते. प्रत्येक पासनंतर पाती ब्रशने साफ, तेलाच्या भोकात साठलेला चुरा काडीने बाहेर. थरथर एकदाही नाही.

12 मे

पहाटे पुढचे पास: 28.005, 28.015. मग नटला हात न लावता त्याच सेटिंगवर आणखी एक पास. पाती थोडी लवचीक असल्याने नुसत्या अशा पासने 0.003 ते 0.005 वाढतं. इथे घाई केली की लक्ष्य ओलांडतं. माप 28.018.

निळं: साधारण 70 टक्के, पण एका बाजूला उणं. आता अगदी थोडंसंच काढायचं होतं, नट फिरवून नव्हे. पतंगाच्या कागदाची पट्टी, जाडी 0.03, तेलात भिजवून एका पात्यावर लावली. ते पातं कापत नाही, समोरची पाती जराशी जास्त कापतात. दोन सावकाश फेऱ्या. नंतर कागद काढून एक नुसता पास.

शेवटचं माप, 13 तारखेच्या पहाटेचं: 28.022 ते 28.025, दोन तोंडांत फरक 0.003. ढिलाई 0.027 ते 0.030. निळं 80 टक्क्यांच्या आसपास, सलग, ठिपके नाहीत. काचेवर 100 मिमीला 0.03.

हाताची परीक्षा: पिन आणि बुश कोरडे स्वच्छ पुसून पिन आडवी राहील असा रॉड धरला, तर पिन अंगठ्याच्या दाबाने सरकते, आपोआप घसरत नाही. तेल लावून पिन उभी येईल असा रॉड धरला तर स्वतःच्या वजनाने सावकाश उतरते. खटकन पडली तर ढिली.

ग्राइंडिंग पेस्ट लावून पिन ‘घासून बसवणं’ हा प्रकार अजून चालतो. पेस्टचे कण मऊ ब्राँझमध्ये रुततात आणि तिथे बसून पिनला खातात. पेस्ट धुऊन निघते, रुतलेले कण निघत नाहीत.

14 मे

जोडणी. पिस्टन 80 अंशांच्या पाण्यात, पिन मग बोटाने जाते. थंड पिस्टनमध्ये ठोकली तर बोअर लंबगोल होतो. दोन्ही सर्क्लिप (पिन अडवून धरणाऱ्या कड्या) नवे, तोंड वर किंवा खाली, आडवं नको. रॉडचे नंबर कॅमशाफ्टच्या बाजूला, होते तसेच. बिग एंडचे बोल्ट टॉर्क पान्याने.

रॉकर आर्मचे दोन 16 चे बुशही याच वेळी बदलले. तिथे 16 एच7 चा साधा रिमर, एकच पास, 16.01. त्यांच्यावर भार कमी, काम दहा मिनिटांचं.

15 मे

अर्धा तास लोडशिवाय, मग पंपावर. टिकटिक नाही. 10 तासांनी तेल काढून पांढऱ्या फडक्यातून गाळलं: सोनेरी चमक अगदी थोडी, हाताला कण लागत नाहीत.

5 जून

40 तास झाले. दुसऱ्यांदा गाळलेल्या तेलात चमक नाही. बाजूचा क्रँककेस दरवाजा काढून, पिस्टन तळाला आणून, रॉड छोट्या टोकाशी धरून वरखाली दाबला: खेळ जाणवत नाही. जिग तेल लावून ठेवला आहे. मँड्रेल बदलला की 87.5 बोअरच्या इंजिनाच्या रॉडलाही तो चालेल, केंद्रांतर तेच असेल तर. ते आधी मोजायचं.